नाव काढलं

रेवा आणि सोहम, आतापर्यंतच्या प्रकरणांत मी तुम्हाला भैंशाचं माझं बालपण सांगितलं, बाबांचं सरकी-ढेपेचं दुकान सांगितलं, कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातला पातळ सांबार सांगितला आणि लग्नापाशी येऊन थांबले. त्यावरून तुमची समजूत होईल की लग्न झालं आणि आजी मोठी झाली. तसं नाही. माझं मोठं होणं दोन हप्त्यांत झालं. पहिला हप्ता दोन वेण्यांचा. दुसरा अगदी आत्ताचा, सत्तरी उलटल्यावरचा, गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढण्याचा. हे प्रकरण त्या दुसऱ्या हप्त्याचं आहे. ते आधी लिहून पाठवते, कारण पल्लवी जाधव नावाची एक मुलगी लवकरच तुमच्या दाराची घंटी वाजवणार आहे, आणि ती कोण हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं अशी माझी इच्छा आहे.

आधी घर सांगते, मग माणसं. आदिलाबादजवळ मावल्याचं आपलं घर तुम्ही पाहिलंत तेव्हा सोहम रांगत होता. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली आणि गच्ची. दूरवरून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येतो, तो थांबला तरच जाग येते. तुमचे आजोबा गेल्यावर या घरात सगळ्यात बोलकी वस्तू फ्रीज होती. तो घुरघुरायचा, थांबायचा, पुन्हा घुरघुरायचा, आणि मी त्याच्या थांबण्याची वाट पाहत वर्तमानपत्र वाचायची. डबे चिठ्ठ्या लावून ओळीनं, चादरींच्या घड्या एका मापाच्या, साडेचारला चहा. एकटीचं घर नीटनेटकं ठेवणं सोपं असतं, ते विस्कटायलाच कुणी नसतं.

अशात एका सकाळी अनुराधा आली. ही माझी आठवीच्या वर्गातली विद्यार्थिनी. घरी तेलुगू बोलणारी, इंग्रजीच्या तासाला पहिल्या बाकावर बसून शेवटच्या बाकावरच्यांची उत्तरं सांगणारी. आता ती कृषी विद्यापीठात शिकवते, नावामागे डॉक्टर लागलं आहे, आणि अजूनही माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवरच बसते. "टीचर, एक मुलगी आहे," ती तिच्या तुटक मराठीत म्हणाली. "एम.एस्सी. करती. इथं संशोधन केंद्राच्या शेतात तिचा प्रयोग आहे. खोली नाही मिळती. तुमचं वरचं रिकामं आहे ना." मी विचार करते म्हणाले. अनुराधा म्हणाली, "विचार करा टीचर, ती बाहेर स्कूटरवर बसली आहे."

अशी पल्लवी आली. बोथकडच्या एका खेड्यातली, कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या घरातली, सडपातळ, उन्हानं रापलेली, पाठीवर कापडी पिशवी. तिनं पाया पडून झाल्याबरोबर पहिला प्रश्न विचारला तो असा: "आजी, फ्रीजमध्ये एक कप्पा भेटंल का?"

तो कप्पा ज्वारीनं भरला. छोट्या पाकिटांत ज्वारी, प्रत्येकावर आकडे आणि अक्षरं. ओट्याच्या कोपऱ्यात एका टबात ओल्या कागदाच्या सुरळ्या उभ्या, त्यांच्या आत दाणे मांडलेले. केंद्रावर तिचा सगळा प्रयोग चालू होताच, पण तिथं जागा अपुरी, म्हणून एक जादा संच माझ्या स्वयंपाकघरात. ती सकाळी उठून आधी सुरळ्या उलगडून बघायची, मग तोंड धुवायची. किती दाण्यांना मोड आले, कुठल्यावर काळं धरलं, हे मोजताना तिचे ओठ हलायचे. तिचा विषय मी तुम्हाला साध्या शब्दांत सांगते: ज्वारी कणसात भरली आणि अवकाळी पाऊस आला, की दाण्यावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो, ना खाता येत ना विकता. पण काही जाती अशा असतात की शेजारचं कणीस काळं झालं तरी या पांढऱ्याच. त्या का तशा राहतात, हे ती शोधत होती. मी जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्ली, पण ज्वारीला असं काही विचारता येतं, हे मला माहीत नव्हतं.

तिची आई नंदा महिन्यातून एकदा यायची. बसमधून उतरून डोक्यावर गाठोडं घेऊन, गाठोड्यात अंबाडीची भाजी, वांगी, लाल मिरच्या. पहिल्यांदा आली तेव्हा मी देवळात गेले होते आणि पल्लवी शेतावर. परत आले तर घरभर शिजल्या ज्वारीचा आणि फोडणीच्या लसणाचा वास. नंदा ओट्यापाशी उभी, पदर खोचलेला.

"बाई, पोरगी वाट्याइत जवारी भिजू घालून तशीच गेली व," ती म्हणाली. "म्या म्हटलं, घुगऱ्या करून राह्यली असंल, इसरली. करून टाकल्या."

तिन्ही वाट्यांवर वेगवेगळ्या जातींच्या चिठ्ठ्या होत्या. नंदानं त्या काढून, पुसून, नीट खिडकीत ठेवल्या होत्या. पल्लवी आली, तिनं आधी खिडकीतल्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि मग पातेलं.

"आई, तिन्ही?"

"तिन्ही. थोडी थोडी तं होती. एकातच केली."

पल्लवी जमिनीवर बसली. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, इतकी की तिला बोलता येईना. मग तिनं वाटी भरून घेतली, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "आजी, लिहून ठेवा. चवीत तिन्हीत फरक नाही."

नंदाला त्यातलं काही कळलं नाही, पण लेक हसली म्हणून तीही हसली. त्या दिवसापासून फ्रीजवर माझ्या अक्षरात एक पाटी लागली: 'या ज्वारीच्या घुगऱ्या करू नयेत.' नंदाला थोडंफार वाचता येतं. ती दर वेळी पाटी मोठ्यानं वाचायची आणि म्हणायची, "बाप्पा, माह्यासाठी बोर्ड लावला व विद्यापीठानं."

एकदा पल्लवी मला केंद्रावर घेऊन गेली. शेतात कणसाकणसाला कागदी पिशव्या बांधलेल्या. दुरून वाटावं, माणसं टोप्या घालून ओळीत बसली आहेत. मग प्रयोगशाळा. तिनं एका काचपट्टीवर काळ्या दाण्यावरचा कणभर डाग ठेवला आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. मी चष्मा काढला, घातला, डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग तिनं चाक फिरवलं आणि त्या उजेडात होड्या तरंगायला लागल्या. तपकिरी, किंचित वाकलेल्या, प्रत्येकीत आडवे पडदे, जणू आत खोल्या पाडल्या आहेत. मी आयुष्यभर जो डाग नखानं खरवडून टाकला, किंवा 'खराब आहे' म्हणून सुपातून पाखडून दिला, तो आतून असा होता. इतका रेखीव. मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. मागून पल्लवी म्हणाली, "आजी, ही दुश्मन हाय आपली." मला ते पटत होतं, पण डोळा काढवेना. सोहम, तुझ्या शाळेत हे यंत्र असेल तर रांगेत शेवटचा राहा, म्हणजे तुला कुणी उठवणार नाही.

संध्याकाळी लसूण सोलताना ती मला विद्यापीठाच्या बातम्या वाचून दाखवायची. त्यांच्या फोनवर एक गट आहे, त्यात कुणाचं काय झालं ते येतं. कुण्या मुलीला परिषदेत पहिलं बक्षीस. कुण्या प्राध्यापकांचं संशोधन परदेशी नियतकालिकानं स्वीकारलं. प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या एका माणसानं संध्याकाळच्या वर्गांना बसून पदवी घेतली आणि त्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ झाला. खाली अभिनंदनाचे हात, फुलं. मग नव्या संधी: अमुक शिष्यवृत्ती, तमुक प्रशिक्षण. मी नावं ऐकायची आणि गावं विचारायची. कुणी उटनूरकडची, कुणी डोंगरातल्या पाड्यावरची, कुणी भैंशाच्या पलीकडची. यांतली कित्येक गावं मला फक्त बसच्या पाट्यांवरून ठाऊक होती. माझ्या तरुणपणी या गावांतून शहरात यायचं ते दवाखान्याला किंवा कोर्टाला. आता तिथली मुलं रताळ्यावर, मातीवर, बुरशीवर शोध लावत होती आणि त्यांची नावं माझ्या लसणाच्या टरफलांवरून चालली होती. मी ऐकत राहायची. हातातली पाकळी कितीदा सोलायची राहून जायची.

अशाच एका संध्याकाळी ती थांबली आणि पुन्हा वाचू लागली. ऑस्ट्रेलियातलं एक विद्यापीठ. सहा महिने. दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक. विषय धान्याचे रोग.

"ऑस्ट्रेलिया," मी म्हणाले. "तिथं माझी नातवंडं आहेत."

"तिथं जवारी पिकते आजी," ती म्हणाली. "लई पिकते."

तिची मुलाखत माझ्या जेवणाच्या टेबलावर झाली, फोन चहाच्या डब्याला टेकवून. मी स्वयंपाकघरात गॅस बंद करून बसले, कुकरची शिट्टी व्हायला नको म्हणून. तिकडच्या माणसानं विचारलं, तुम्ही ज्वारीच का निवडली? मी आतून मनात उत्तर जुळवत होते, चांगली तीन वाक्यं. पल्लवी म्हणाली, आम्ही ती खातो. मग थोडं थांबून म्हणाली, आणि काळी झालेलीसुद्धा खातो. तिच्या इंग्रजीत चुका होत्या, मला त्या ऐकू येत होत्या, आणि त्यांना काडीचंही महत्त्व नव्हतं.

कच्च्या यादीत तिचं नाव आलं, पक्की यादी यायची होती. आता नंदाकडची बाजू. पल्लवीसाठी एक स्थळ आलं होतं. भैंशाच्या बाजारपेठेतलं दुकानदाराचं घर, मुलगा शिकलेला, माणसं बरी. पल्लवीच्या वडिलांना पसंत होतं. नंदानं मध्ये पडून एक करार केला होता, तो तिनं मला माझ्याच ओट्यापाशी सांगितला. "म्या त्यायले म्हटलं, तिचं नाव पक्कं आलं तं जाऊ द्या तिले. नाई आलं तं मंग तुमच्या मनासारखं करा. पोरीलेबी इचारलं. ती म्हने, चालते." मी पल्लवीला विचारलं, खरंच चालेल का? ती सुरळी उलगडत होती. "मुलगा वाईट नाही आजी," ती म्हणाली. "पण सुरळ्या ठेवू देईल का, ते विचारलं नाही कुणी." आणि पुन्हा मोजायला लागली.

स्थळवाल्यांना होकार-नकार कळवायचा होता त्याच आठवड्यात नंदा आली. आदिलाबादची थंडी पडली होती, आम्ही दोघी गच्चीत उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. पल्लवी शेतावर. दुपारी माझा फोन वाजला. पल्लवीची स्थानिक पालक म्हणून माझा नंबर विद्यापीठाच्या ऑफिसात होता.

"मॅडम, युनिवर्सिटी ऑफिस से बोलरौं. वो पल्लवी बोलके बच्ची तुमारेच पास रहती ना? फोन नै लगरा उसका. लिस्ट में से नाम निकाल दिए बोलो उसका. उनकी मॅडम कू फोन करने बोलो."

"नाम निकाल दिया? क्यों?"

"वो मेरेकू नै मालूम मॅडम. साब बोले, मैं बोलरौं."

फोन ठेवला. नंदा माझ्या तोंडाकडे पाहत होती. हातात अर्धी सोललेली शेंग.

"काय म्हने बाई?"

जे ऐकलं त्याचं जसंच्या तसं मराठी केलं. मी म्हणाले, "पल्लवीचं नाव काढलं म्हणे."

इथं मला थांबावं लागतं, कारण तुमचं मराठी तिकडे वाढलेलं आहे. 'नाव काढलं' याचा एक अर्थ अगदी सरळ आहे: होतं ते नाव काढून टाकलं. पण आपल्याकडे पोरीनं नाव काढलं म्हणतात, तेव्हा घराची मान उंच केली असं म्हणतात. मी बी.ए. झाले तेव्हा बाबा दुकानाच्या पायरीवर उभे राहून येईल त्याला हेच सांगत होते. त्याच वर्षी माझं लग्न झालं, आणि सासरी ताटात तांदूळ पसरून तुमच्या आजोबांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. मी समोर बसले होते, म्हणून मला ते उलटं दिसत होतं. उलटी अक्षरं लावत मी वाचलं, मालती. जवळच्या कुणी तरी हसत म्हटलं, झालं, जुनं नाव काढलं. वाईट कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. रीतच होती. पण तेव्हापासून हे दोन शब्द माझ्या कानात दोन्ही अर्थांनी एकदमच वाजतात. माझी पदवी ट्रंकेत आहे, तिच्यावर ज्या मुलीचं नाव आहे तिला या घरात कुणी कधी हाक मारली नाही.

नंदाच्या कानात मात्र एकच अर्थ वाजला, चांगला. तिनं शेंग खाली टाकली. दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग तिचे डोळे भरून आले.

"काढलं का व माह्या पोरीनं नाव," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

"नंदा, ऐक जरा," मी म्हणाले. पण ती जिना उतरत होती. गुडघ्यामुळे मी खाली पोहोचले तोवर साखरेचा डबा उघडला होता. शेजारच्या पद्मम्मांच्या तोंडात साखर पडली, समोरच्या शिलाईवाल्याच्या तोंडात पडली, माझ्या तोंडात पडली. तोंडात साखर घेऊन वाईट बातमी कशी सांगायची, ते मला कुठल्याच शाळेत शिकवलं नाही. मी एकदा पुन्हा म्हणाले, "नंदा, जरा बस." ती बसली, आणि फोन लावला. नवऱ्याला.

"आवो, पोरीनं नाव काढलं. हो. बाईइले फोन आला, आत्ता. हो ना. त्या लोकायले आत्ताच सांगून टाका, पोरगी जाऊन राह्यली म्हना, आमाले नाई जमत म्हना. आत्ताच सांगा, मंग तुमी इसरता."

तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "बाई, तुमी काऊन रडून राह्यल्या? चांगलं झालं नं."

आता स्थळही गेलं होतं आणि यादीतून नावही. एका बाजूनं दार लागलं होतं आणि दुसरं माझ्या एका वाक्यामुळे ओढून घेतलं गेलं होतं. मी अनुराधाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. नंदा आत तुरीच्या दाण्यांची आमटी फोडणीला घालत होती आणि गुणगुणत होती. पल्लवी येईपर्यंतचा तो वेळ मी फाटकापाशी उभी राहून काढला. ट्रकांचा आवाज येत होता. पद्मम्मा कुंपणावरून म्हणाल्या, "मंचिदि अम्मा, चाला मंचिदि," फार चांगलं झालं. मी मान हलवली.

पल्लवी आली, पायांना माती, केसांत कणसाचा भुसा. आईनं तिला दारातच धरलं, गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "काढलं व माय नाव," ती म्हणत होती. पल्लवीचा चेहरा उजळला. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझा चेहरा पाहून तिचा हळूहळू उतरला. मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रीजच्या घुरघुरीत, जे ऐकलं ते सगळं सांगितलं. ती ऐकत होती. टबातल्या एका सुरळीचं टोक सुटलं होतं, ते तिनं नीट केलं.

"आईला काय सांगितलं तुम्ही?"

"हेच. पण ती दुसरंच समजली. आणि भैंशाला नकार कळवून मोकळी झाली."

पल्लवी बाहेरच्या खोलीकडे पाहत राहिली. नंदा ताटं मांडत होती. "तिला जेवू द्या आधी," पल्लवी म्हणाली. "सकाळपासून उपाशी असंल."

आम्ही तिघी जेवायला बसलो. नंदा एकटीच बोलत होती. तिकडे थंडी असते का, तिकडे जवारीची भाकर करता येते का, पोरीनं स्वेटर किती न्यावे. पल्लवी तिला सगळ्याची उत्तरं देत होती, तोंडावर हसू आणून. मी तिच्या हाताकडे पाहिलं. भाकरीचा एकच तुकडा ती मघापासून धरून होती.

तेवढ्यात फाटकापाशी स्कूटर थांबली. अनुराधा हेल्मेट काढत आत आली. मी उठूनच विचारलं, "अनुराधा, नाव काढलं का?"

"काढलं टीचर," ती म्हणाली. "मीच सांगितले काढा म्हणून."

पल्लवीच्या हातातला तुकडा ताटात पडला. नंदा दोघींकडे आळीपाळीनं पाहत होती.

"मी स्वतः येऊन सांगणार होती," अनुराधा म्हणाली, "त्या ऑफिसवाल्याला घाई." मग ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि मराठी, तेलुगू, इंग्रजी जे हाताशी येईल ते घेऊन सांगू लागली. तिकडच्या लोकांनी पल्लवीचं काम वाचलं होतं. मुलाखत ऐकली होती. त्यांनी कळवलं की सहा महिन्यांसाठी ही मुलगी पाठवू नका. तिला डॉक्टरेटसाठी पाठवा, आमच्या शिष्यवृत्तीवर, चार वर्षं. एका माणसाला दोन्ही जागा घेता येत नाहीत. म्हणून सहा महिन्यांच्या यादीतून नाव काढलं, आणि तिथं पुढच्या विद्यार्थ्याला संधी मिळाली, उटनूरकडचा एक मुलगा आहे. "आणि शिक्षक एक पाहिजे होता," ती खाली पाहून म्हणाली, "ती मी आहे टीचर. सहा महिने."

फ्रीज घुरघुरायचा थांबला. आठवीतली पहिल्या बाकावरची मुलगी आणि ओट्याच्या कोपऱ्यातला ज्वारीचा टब, दोघंही समुद्रापलीकडे निघाले होते आणि मी त्यांच्या मध्ये उष्ट्या हातानं उभी होते. मला त्या होड्या आठवल्या, उजेडात तरंगणाऱ्या.

सगळ्यांत आधी बोलली ती नंदा. "म्हंजे जाऊन राह्यली का नाई?"

"जाती अम्मा. चार वर्षं."

"चार वर्सं." नंदानं ते दोन शब्द हळू उच्चारले. ती लेकीकडे पाहत होती, केसांतल्या भुशाकडे. "म्या तं सहा महिने समजून साखर वाटली."

पल्लवी म्हणाली, "आई, तू नको म्हणशील तं—"

"चूप बैस," नंदा म्हणाली. "वाटली ते वाटली. वाटलेली साखर का वापस मागतात?" मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "म्या तवाच म्हटलं होतं, नाव काढलं. तुमी बाई उगंच रडून राह्यल्या होत्या."

मी काही समजावत बसले नाही. तिचं बरोबर होतं. आणि ऑफिसवाल्याचंही.

नंदानं अनुराधापुढे सकाळच्या घुगऱ्यांची वाटी ठेवली. अनुराधानं एक घास घेतला आणि म्हणाली, "अय्यो, गुग्गिळ्ळु." नंदा म्हणाली, "तुमच्यात बी करतात?" अनुराधा म्हणाली, "करतात ना. फक्त प्रयोगाच्या नाही करत." नंदा पदर तोंडाला लावून हसली. फ्रीजवरची पाटी तिनं अजून काढू दिलेली नाही.

पुढचे महिने कागदपत्रांत आणि थंडीचे कपडे जमवण्यात गेले. ते सांगण्यासारखं नाही. एक सांगते. पल्लवीचं सामान बांधायला नंदा आली होती. दुपारी आम्ही दोघीच होतो, पुन्हा गच्चीत, पुन्हा उन्हाला. ती लेकीच्या शालीला गोंडे लावत होती. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "बाई, तुमचं नाव काय व? गावात इचारतात, पोरगी कोनापाशी राह्यली? म्या म्हनते, बाईपाशी. ते म्हनतात, कोन बाई? दोन वर्सं झाले, म्या कधी इचारलंच नाई."

मालती म्हणायला मी तोंड उघडलं. पन्नासहून अधिक वर्षं तेच नाव सांगत आले आहे, बँकेत, शाळेत, दवाखान्यात. आणि माझ्या कानांना ऐकू आलं, "विमल."

नंदानं दोरा दातानं तोडला. "विमलबाई," ती म्हणाली, चव घेतल्यासारखी. "चांगलं हाय." आणि शिवू लागली. तिच्या गावात आता माझं तेच नाव आहे. पल्लवीनं ते आईकडून ऐकलं, काही विचारलं नाही, आणि त्या संध्याकाळपासून मला विमलआजी म्हणू लागली. इतक्या वर्षांत त्या नावाला या घरात पहिल्यांदाच कुणी हाक मारली, आणि मी पहिल्याच हाकेला ओ दिली.

तिच्याबरोबर तुमच्यासाठी घुगऱ्यांची ज्वारी पाठवायची होती, पण तिकडे धान्याचा दाणाही आत घेऊ देत नाहीत म्हणे. ती रिकाम्या हातानंच येईल. तिकडे ज्वारी मिळाली तर तिला भिजत घालायला सांगा, आणि घुगऱ्या करण्याआधी तिला विचारा. दार उघडल्यावर ती म्हणेल, विमलआजींच्या नातवंडांचं घर हेच ना? इथं कुणी विमल राहत नाही, असं सांगून तिला परत पाठवू नका. तिला आत घ्या. ती नातवंडं तुम्हीच.